सात पाणी

आर्णीत जफर मिस्त्रीचं दुकान शोधायला कुणाला पाटी वाचावी लागत नसे. दिग्रस रोडला जिथं फवारणीचे पंप रांगेनं उभे दिसतील आणि उंबऱ्यावर तांबूस रंगाचा गावठी कुत्रा आडवा पडलेला असेल, तेच दुकान. कुत्र्याचं नाव सुभेदार. खुद्द जफर फौजेतून नायक म्हणून परत आलेला, म्हणजे दुकानात मालकापेक्षा कुत्र्याचा हुद्दा मोठा. पंप घेऊन आलेले लोक आधी कुत्र्याला सलाम ठोकायचे आणि मग विचारायचे, "सुभेदारसाहेबाची परवानगी असन तं पंप खाली ठेवू का, जफरभाई?"

दुकान पुढं आणि घर मागं. मधल्या दारापाशी जफरची बायको गुलनार हिनं तीन वस्तू कायमच्या मांडून ठेवल्या होत्या: पाण्याची बादली, मग आणि डालड्याच्या जुन्या डब्यात अरुणावती नदीच्या काठची माती. कुत्र्याची लाळ हाताला लागली की हात सात पाण्यांनी धुवायचा, त्यातलं एक पाणी मातीचं, हे तिला आईनं शिकवलेलं. कुत्रा आणायचा ठरला तेव्हा मशिदीतल्या मोठ्या मौलानांना ती स्वतः जाऊन विचारून आली होती. राखणीला दुकानात ठेवा, घरात नको, आणि हात धुण्याचं विसरू नका, असं ते म्हणाले. तेवढ्यावर तिचं समाधान झालं आणि त्या दिवसापासून बादली एकदाही रिकामी राहिली नाही.

जफरची काही तक्रार नव्हती. नियम म्हटला की फौजी माणसाला बरंच वाटतं. तो मोठ्यानं मोजत हात धुवायचा, "एक, दोन, तीन," आणि सुभेदार शेजारी बसून कान टवकारून ऐकायचा. सात झाले की दोघंही कामाला लागायचे.

लोकांना वाटे, मिस्त्रीला कुत्र्याचा लळा आहे. लळा होताच. पण त्या कुत्र्यावर घर उभं होतं, हे फक्त गुलनारला ठाऊक होतं.

जफर फौजेत गाड्या दुरुस्त करायचा. सतरा वर्षं केल्या. मग डोंगरातल्या एका रस्त्यावर त्याच्या पुढची गाडी सुरुंगानं उडाली. त्याच्या गाडीला ओरखडाही आला नाही आणि त्यालाही नाही, असं कागदावर लिहिलं होतं. कागद घेऊन तो घरी आला, आणि मग गुलनारला कळलं की कागद लिहिणाऱ्याला सगळं दिसलेलं नाही. रस्त्यावर ट्रॅक्टरचा सायलेन्सर फुटला की जफरचा चेहरा पांढरा पडायचा. आधी हात थरथरायचे, मग डोळे कुठंतरी निघून जायचे, आणि मग समोर बायको आहे की भिंत आहे हे त्याला उमगत नसे. लग्नाच्या दिवसांत फटाके वाजले की तो घरच्या शेतीचा कापूस साठवायच्या खोलीत गंजीआड शिरून बसायचा आणि जेवायला हाक मारली तरी ओ द्यायचा नाही. एकदा तो असा तीन दिवस बसला.

आणि एकदा भरदुपारी रस्त्यावर टायर फुटला तेव्हा त्याच्या हातात पाना होता आणि गुलनार चहा घेऊन जवळ उभी होती. डाव्या भुवईवर पाच टाके पडले. तासाभरानं जफर माणसात आला आणि तिच्या कपाळाची पट्टी पाहून घाबरून म्हणाला, "हे काय झालं तुले?"

"बाथरूममधी पडली," गुलनार म्हणाली. त्याला काहीच आठवत नव्हतं, हे तिला त्याच्या डोळ्यांत स्पष्ट दिसलं. जे त्याला सोसणार नाही ते त्याला सांगायचं नाही, असं तिनं तेव्हा ठरवलं आणि पुढं ते पाळलं. खोटं बोलण्यात गुलनारला कधी गोडी नव्हती, पण हे एक खोटं तिनं तव्यावरच्या भाकरीसारखं जपलं, करपूही दिलं नाही आणि उतरूही दिलं नाही.

त्यानंतर फौजेच्या दवाखान्यात त्याला दोन महिने ठेवलं. तिथं वॉर्डात एक म्हातारी कुत्री फिरायची, फौजेतूनच निवृत्त झालेली. ती ज्याच्या खाटेशी बसेल तो त्या दिवशी जेवायचा म्हणे. घरी सोडताना तिथल्या डॉक्टरांनी गुलनारला बाजूला घेऊन सांगितलं, गोळ्या चालू ठेवा आणि जमलं तर एक कुत्रा पाळा. ती हो म्हणाली, पण डॉक्टरांचंच डोकं तपासायला हवं असं तिच्या मनात आलं. पुढं मुलगी आरिफा बोरी अरबला सासरी गेली, तिच्या घरामागं कुत्रीनं पिल्लं घातली, आणि जफर त्यातलं एक पिशवीतून घेऊन आला.

वर्षभर तो त्याला शिकवत होता. मुठीत भाकरीचा तुकडा धरायचा, हात मुद्दाम थरथरवायचा, आणि पिल्लानं येऊन हात चाटला की मूठ उघडायची. पुढं भाकरीची गरज उरली नाही. जफरचा हात खराच थरथरायला लागला की सुभेदार असेल तिथून उठायचा, त्याच्या दोन्ही पायांवर सगळं वजन टाकून बसायचा आणि तळवा, बोटं, बोटांच्या बेचक्या चाटत राहायचा. हात थांबेपर्यंत चाटायचा. डोळे निघून जायच्या आत जफर परत यायचा. मग उठून मोजत हात धुवायचा. सहा वर्षांत एकही पाना उडाला नाही. गुलनार कुत्र्याला कधी शिवली नाही, पण सकाळी पहिली भाकरी ती त्याचीच टाकायची.

आणि मग दोन हजार सतरा सालचा पावसाळा आला. त्या वर्षी कपाशीची पऱ्हाटी माणसाच्या डोक्याच्या वर गेली आणि बोंडअळी काही केल्या हटेना. लोक आज हे औषध, उद्या ते, परवा दोन्ही एकत्र करून मारायला लागले. छातीएवढ्या पिकात पंप खाली धरता येतो. डोक्यावरच्या पिकात तो वर धरावा लागतो आणि वरचं सगळं अंगावर येतं. गावोगावची माणसं डोळे चोळत, उलट्या करत दवाखान्यात जायला लागली. काही परत आली नाहीत.

पंप मात्र सगळे जफरच्या दारात. रोज वीस-पंचवीस. कुणाचा नोझल तुंबलेला, कुणाचा वायसर गेलेला. "धुवून आणला का?" जफर विचारायचा. "धुतला भाऊ," शेतकरी म्हणायचा. खोटं आहे हे ठाऊक असूनही जफर मान हलवायचा, आणि टाकी उघडली की आत चार बोटं औषध असायचं. हातमोजे घालून बारीक वायसर बोटाला लागत नाही, म्हणून तो उघड्या हातानंच काम करायचा. नोझल तोंडानं फुंकायचा नाही अशी गुलनारनं त्याला शपथ घातली होती. जेवायच्या आधी ती समोर उभी राहून साबणानं हात धुवून घ्यायची. नवऱ्याची काळजी घेण्यात तिनं कुठं कसर ठेवली, असं कुणी म्हणू शकलं नसतं.

शिवाय त्या वर्षी पेट्रोलवर चालणारे पंप पुष्कळ आले होते. दुरुस्त झाला की चालवून पाहावा लागे आणि चालू होताना तो फाडकन आवाज करी. जफरचा हात दिवसातून दहादा थरथरायचा, आणि दहादा सुभेदार उठायचा.

सप्टेंबरच्या शेवटी एका दुपारी गुलनारनं टाकलेली भाकरी तशीच पडलेली दिसली. सुभेदार उंबऱ्यावर बसला होता आणि त्याच्या तोंडातून लाळेची तार जमिनीपर्यंत लोंबत होती. उठायला गेला तर मागचे पाय अंगाखाली मुडपले. जफरनं हाक मारली तेव्हा त्यानं शेपटी हलवली, पण अंगभर थरथर सुटली होती. इतकी वर्षं तो नवऱ्याची थरथर थांबवत आला होता, आणि आता ती त्याच्याच अंगात शिरली होती. 

उकंडा नावाचा शेतकरी त्या वेळी पंप घ्यायला आला होता. त्यानं आपला ॲटो काढला. जफरनं कुत्र्याला उचलून मांडीवर घेतलं, तेव्हा गुलनारही तशीच बुरखा अडकवून मागं बसली. कुत्र्याचं डोकं तिच्या गुडघ्यावर आलं, लाळेनं बुरखा भिजला, आणि सात पाण्यांची आठवण तिला त्या दिवशी झाली नाही.

जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर गौरी मॅडम होत्या. त्यांनी कुत्र्याचा डोळा उघडून पाहिला. बाहुली मोहरीएवढी झाली होती.

"याच्या पोटात फवारणीचं औषध गेलंय," त्या म्हणाल्या. "शेतात जातो का हा?"

"नाई मॅडम," जफर म्हणाला. "हा दुकान सोडून कुठीच जात नाई. ड्युटीवर असते."

"मग काही चाटलं असेल. आठवून सांगा."

जफर आठवायला लागला. मॅडमनी उताऱ्याचं इंजेक्शन दिलं. थोड्या थोड्या वेळानं पुन्हा द्यावं लागेल, पण आपल्याजवळ चारच आहेत, कारण या महिन्यात ते माणसांनाच पुरत नाहीये, हेही सांगून टाकलं. तेवढ्यात बाहेर कुणाच्या तरी हातून दुधाचा कॅन फरशीवर आदळला.

टेबलावर टेकलेला जफरचा उजवा हात थरथरायला लागला. सुभेदारला मान उचलता येत नव्हती. त्यानं नुसती जीभ बाहेर काढली, टेबलावरून सरकवत सरकवत ती बोटांपर्यंत नेली आणि चाटायला लागला. करंगळी, बेचकी, तळवा.

त्या हाताच्या नखांत दुपारच्या पंपाचा हिरवट थर होता. तो वास गुलनारला दारातून येत होता. रोज येतो तसाच.

 कुत्र्याच्या तोंडाचं माणसाच्या हाताला काय लागतं, याचा विचार तिनं केला होता, आईनं केला होता, मौलानांनी केला होता. माणसाच्या हाताचं कुत्र्याच्या तोंडाला काय लागतं, ते सहा वर्षांत कुणाच्या ध्यानीमनी आलं नव्हतं. चाटल्यावर सात पाणी. चाटण्याआधी एकही नाही.

हात मागं घ्या, एवढेच तीन शब्द होते. ते म्हटले असते तर का म्हणून त्यानं विचारलं असतं. गुलनारनं ते म्हटले नाहीत, ती बघत उभी राहिली. कुत्रा चाटत होता आणि हात थांबत आला होता. गौरी मॅडमही आता त्या हाताकडंच बघत होत्या. त्यांनी तोंड उघडलं तशी गुलनार घाईनं म्हणाली, "आरिफाचे अब्बा, बाहेरून थोडं पाणी आणा. याचं तोंड धुवाचं हाये."

जफर गेला. गुलनारनं मॅडमचा हात धरला.

"त्याइले नका सांगू."

"अहो, पण कारण कळायला नको का?"

"वाचन का हा?"

मॅडमनी पुन्हा कुत्र्याचा डोळा उघडून पाहिला. "सांगता येत नाही. रोज थोडं थोडं जात असणार. बरंच साचलंय."

"मंग नका सांगू, मॅडम. कुत्रा तं चाललाच. माणूस तरी राहू द्या."

जफर पाणी घेऊन आला तेव्हा गुलनारच बोलली. "मॅडम म्हणते, डुकराइसाठी कोणं तरी कणकीत औषध घालून टाकलं असन. थे खाल्लं यानं." गौरी मॅडमनी रजिस्टरात डोकं घातलं. वर न पाहता त्या एवढंच म्हणाल्या, "दोघंही हात साबणानं स्वच्छ धुवा."

कुत्र्यानं चाटलं होतं, तेव्हा हात धुवायचेच होते. जफर बाहेरच्या नळावर गेला, कुंडीतली चिमूटभर माती घेतली आणि मोजायला लागला. एक, दोन, तीन. आत टेबलावर सुभेदारचे कान ते ऐकून हलले. गुलनारनं आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तिला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

चौथं इंजेक्शन संपलं आणि ऊन उतरायच्या आत कुत्राही संपला. अरुणावतीच्या काठी, जिथून ती माती आणत असे तिथंच जफरनं खड्डा केला. उकंडानं हात लावू का विचारलं, तर त्यानं मान हलवून नको म्हटलं. सगळी माती एकट्यानं ओढली आणि शेवटी टाच जुळवून उभा राहिला.

दुसऱ्या दिवसापासून दुकानाचं शटर खाली. बाहेर पंपांची रांग वाढत गेली आणि आत जफर कापसाच्या खोलीत बसला. कापूस अजून आला नव्हता, खोली रिकामी होती, तरी तो जुन्या जागीच कोपऱ्यात बसायचा. रस्त्यावर काही वाजलं की हात सुरू व्हायचे. गुलनार ते आपल्या हातांत धरायची. तो हळूच सोडवून घ्यायचा. "तू दूर राह्य," म्हणायचा. का, ते त्यालाही सांगता येत नव्हतं. एक दिवस तिनं वीस किलो गव्हाचं पोतं फरपटत आणून त्याच्या पायांवर ठेवलं. वजनच हवं तर हे घ्या. जफरनं पोत्यावर तळवा ठेवून पाहिला.

"हे श्वास घेत नाई, गुलनार," तो म्हणाला.

ती स्वयंपाकघरात गेली आणि पदराचा बोळा तोंडात कोंबून रडली. करण्यासारखं जे होतं ते सगळं तिनं करून पाहिलं होतं.

नवव्या दिवशी उकंडा आला. एका हातात त्याचा पेट्रोलवाला पंप आणि खांद्याला कापडी पिशवी. पिशवीतून दोन काळे कान बाहेर आले होते.

"भाभी, जफरभाईले आवाज द्या," तो म्हणाला. "माह्या कुत्रीचं हाये, दीड महिन्याचं. हवालदार म्हणून भरती करा म्हणा. बढती मंग पाहू."

गुलनारला नको म्हणायचं होतं. पण मागून जफर येऊन उभा राहिला होता आणि पिशवीकडं बघत होता. नऊ दिवसांत पहिल्यांदाच त्याचे डोळे कशावर तरी टिकले होते. ती बाजूला झाली.

त्यानं शटर वर केलं. फौजी तो फौजीच, आधी काम. "पंप आण," तो उकंडाला म्हणाला. "धुतला का?"

"धुतला भाऊ."

जफरनं मान हलवली आणि टाकी उघडली. औषध मनगटापर्यंत ओघळलं. त्यानं चिंधीला हात पुसले, प्लग साफ केला, वायसर बदलला. उकंडानं पिशवी जमिनीवर ठेवली. गुलनार आत चहा टाकायला गेली, तेव्हा तिच्या मनात आलं की अल्लाहनं एक दार तरी उघडं ठेवलं. चहा गाळता गाळता तिला पंपाची दोरी ओढल्याचा आवाज आला, आणि मग तो फाडकन स्फोट.

ती कप घेऊन दारात आली. जफरचा चेहरा पांढरा पडला होता आणि हात थरथरत होता. पिशवीतून पिल्लू बाहेर आलं होतं. त्याला कुणी काही शिकवलं नव्हतं. समोर काहीतरी हलतंय, एवढंच बघून ते लुटुलुटु त्या हाताकडं निघालं होतं. जफरनं हात खाली केला. सवयीनं, तळवा वर करून.

"आधी हात धुवा," गुलनार म्हणाली.

आवाज चढवला नव्हता, तरी तो तिचा तिलाच परका वाटला. जफर तिच्याकडं वळला.

"अजून चाटलं कुठी त्यानं? धुवाचं तं मागून असते."

 तिनं काही सांगितलं असतं तरी आता उपयोग नव्हता. जफर मिस्त्री होता. तुंबलेलं कुठं आहे हे शोधण्यात त्याचा जन्म गेला होता. त्यानं आपल्या हाताकडं पाहिलं, नखांकडं पाहिलं, हात नाकाशी नेऊन वास घेतला. पिल्लू त्याच्या बुटाशी पोचून वर बघत होतं. जफरनं दोन्ही हात उंच केले, कुणी बंदूक रोखल्यावर माणूस करतो तसे.

"उकंडा," तो म्हणाला, "याले घेऊन जा."

"काहून भाऊ? आवडलं नाई का?"

"घेऊन जा बाप्पा. माह्या हाताजवळ ठेवू नको."

उकंडानं गोंधळून गुलनारकडं पाहिलं आणि पिल्लू पिशवीत टाकलं. तो पार रस्त्यापर्यंत जाईस्तोवर जफर तसाच हात वर धरून उभा होता. हात थरथरतच होते. थांबवणारं कुणी नव्हतं.

मग तो बादलीपाशी आला. हातानं मग उचलवेना, म्हणून गुलनारनं कप खाली ठेवून पाणी ओतलं. या वेळी तो मोजत नव्हता. तिनं पाणी ओतायचं, त्यानं चोळायचं. किती वेळा, ते दोघांनाही ठाऊक नाही. डब्यातली माती संपली. मध्येच त्यानं मान वर केली. तो तिच्या डोळ्यांकडं बघत नव्हता, डाव्या भुवईकडं बघत होता.

"डुकराचं औषध नव्हतं थे," तो म्हणाला. "अन् हे? हे कशानं झालतं?"

"बाथरूममधी पडली होती," गुलनार म्हणाली.

जफरनं मान हलवली. पंप धुवून आणला असं कुणी म्हटलं की हलवायचा, तशीच.